एक वाजताची मैफल : लंडनच्या नॅशनल गॅलरीची वाटचाल

लंडनच्या नॅशनल गॅलरीला २०२४ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. या दोन शतकांत तिच्या संग्रहातली चित्रे ३८ वरून २,३०० च्या पुढे गेली, आणि द्विशताब्दीच्या निमित्ताने त्या चित्रांविषयी भरभरून लिहिले गेले. मला मात्र या संस्थेच्या आयुष्यातली साडेसहा वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. त्यातला बराच काळ तिच्याकडे भिंतीवर लावायला स्वतःचे एकही जुने चित्र नव्हते. चित्रे वेल्समधल्या डोंगराच्या पोटात होती, लंडनवर बाँब पडत होते, आणि ट्राफल्गार चौकातल्या त्या रिकाम्या दालनांत दुपारी एक वाजता संगीत चालू होते. चित्रदालन कशासाठी असते, या प्रश्नाचे इतके नितळ उत्तर दुसऱ्या कुठल्या संस्थेने दिल्याचे मला ठाऊक नाही.

पण ते उत्तर एका दिवसात तयार झाले नव्हते. त्याची मुळे संस्थेच्या जन्मापासूनच्या वादांत आहेत, म्हणून थोडे मागे जायला हवे.

हे चित्रदालन राजवाड्यातून जन्मलेले नाही. पॅरिसमध्ये राज्यक्रांतीने राजाचा संग्रह जनतेचा केला आणि लूव्र उभे राहिले. लंडनमध्ये राजाचा संग्रह राजाकडेच राहिला, आजही आहे. इथे १८२४ साली पार्लमेंटने जॉन ज्युलियस अँगरस्टीन या दिवंगत विमाव्यावसायिकाची ३८ चित्रे ५७,००० पौंडांना विकत घेतली. अँगरस्टीनचा पैसा सागरी विम्याचा होता, आणि त्या काळच्या सागरी व्यापारात माणसांचाही व्यापार चाले, हे इथे सांगितलेच पाहिजे. ती चित्रे त्याच्याच पॅल मॅलवरच्या १०० क्रमांकाच्या घरात १० मे १८२४ रोजी लोकांना खुली झाली. साध्या राहत्या घराच्या खोल्या. लूव्रपुढे ते सारे फार लहान दिसे आणि वर्तमानपत्रे तसे म्हणतही. संग्रहाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर सेबास्तियानो देल प्योम्बोचे ‘लाझारसचे पुनरुत्थान’ हे चित्र नोंदले गेले. प्रचंड आकाराचे हे चित्र पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

१८३८ मध्ये विल्यम विल्किन्सने बांधलेली आजची इमारत उघडली. जागा होती राजाच्या जुन्या तबेल्याची. पश्चिमेकडे श्रीमंतांची वस्ती, पूर्वेकडे कष्टकऱ्यांची. दोन्हीकडची माणसे चालत येऊ शकतील अशी मधली जागा. या जागेवरून पुढे वीस वर्षे वाद झाला. लंडनमध्ये तेव्हा घरोघरी दगडी कोळसा जळे. काजळी दारा-खिडक्यांतून आत येऊन चित्रांवर बसे. १८५० मध्ये याची चौकशी करायला नेमलेल्या मंडळींत मायकेल फॅराडे हा थोर शास्त्रज्ञही होता. चित्रे शहराबाहेर, स्वच्छ हवेत न्यावीत असे अनेकांचे म्हणणे पडले. त्याच सुमारास गॅलरीचे कीपर टॉमस उविन्स यांनी सांगितलेली एक हकिकत नोंदली गेली आहे. खेड्यातून आलेली काही माणसे शिदोरीची टोपली घेऊन दालनात शिरली, खुर्च्या ओढून गोल करून बसली आणि खाणेपिणे सुरू झाले. उविन्सनी जाऊन हटकले, तर त्यातल्या एका बाईने त्यांनाच मोठ्या प्रेमाने जिनचा पेला पुढे केला.

उविन्सनी ही तक्रार म्हणून सांगितली होती. मला त्या बाईंविषयी फार आपुलकी वाटते. राष्ट्राची म्हणून जी जागा सांगितली जाते ती आपलीही आहे, हे तिने मनापासून खरे मानले होते.

वादाचा निकाल १८५७ च्या सुमारास लागला. न्यायमूर्ती कोलरिज यांनी मांडलेला विचार आजही वाचण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चित्रे असणे आणि टिकणे हा या संग्रहाचा शेवटचा हेतू नाही, लोकांना त्यातून उन्नत करणारा आनंद मिळावा हा हेतू आहे, आणि चित्रे हे त्याचे साधन. दिवसभराच्या कामातून अर्धा तास मोकळा मिळणाऱ्या माणसाला ती सहज पाहता आली पाहिजेत. मग थोडी काजळी बसली तरी चालेल. चित्रे चौकातच राहिली.

यानंतरचा काळ संग्रह वाढण्याचा. १८५५ मध्ये चार्ल्स ईस्टलेक पहिले संचालक झाले. ते दरवर्षी इटलीत जात, गावोगावच्या चर्चमध्ये आणि वाड्यांमध्ये चित्रे पाहत, वहीत टिपणे करत. १८६५ मध्ये इटलीतच, पिसा इथे त्यांचे निधन झाले. पावलो उच्चेल्लोचे ‘सान रोमानोची लढाई’ त्यांच्याच काळात, १८५७ मध्ये आले. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ १८६१ मध्ये. या दुसऱ्या चित्रापुढे मी लंडनच्या प्रत्येक फेरीत जाऊन बसतो. उथळ पाण्यात ख्रिस्त उभा आहे, डोक्यावर पाण्याची वाटी, वर कबुतर. त्या कबुतराचा आकार मागच्या ढगांसारखाच आहे, इतका की ते उडत आहे की आकाशातच विरघळले आहे हे चटकन कळत नाही. मागे एक माणूस डोक्यावरून सदरा काढतो आहे. त्याचे तोंडही दिसत नाही. देवत्वाचा क्षण आणि सदरा काढणे या दोन्ही गोष्टींकडे चित्रकाराने सारख्याच आदराने पाहिले आहे. माझ्या मते या इमारतीतले सर्वांत शांत चित्र हेच. ईस्टलेकनी ते घेतले तेव्हा पिएरोला फारसे कोणी विचारत नव्हते, हे ध्यानात घेतले की त्यांच्या नजरेची किंमत कळते.

मधल्या काळातल्या इतर घटना मी भराभर ओलांडतो. १८७६ मध्ये ई. एम. बॅरी यांनी मागे नवी दालने जोडली. घुमटाखालचे अष्टकोनी दालन त्यातलेच. १९१४ च्या मार्चमध्ये मेरी रिचर्डसन या मताधिकारवादी स्त्रीने वेलाझ्क्वेझच्या ‘रोकबी व्हीनस’वर सुऱ्याचे वार केले. १९२४ मध्ये व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ घेतली गेली. १९२८ पासून बोरिस आन्रेप हा रशियन कलावंत प्रवेशाच्या सज्जांत फरशीवर मोझेक करत होता : तिथे इतिहासाची देवता म्हणून व्हर्जिनिया वुल्फ आहे, शोकांतिकेची म्हणून ग्रेटा गार्बो. लोक त्यांच्यावरून चालत जातात.

आणि मग १९३९ उजाडले.

केनेथ क्लार्क तेव्हा संचालक होते; नेमणुकीच्या वेळी, १९३४ साली, अवघे तीस वर्षांचे. युद्ध होणार हे त्यांनी ओळखले होते आणि चित्रे हलवण्याची तयारी आधीच करून ठेवली होती. २३ ऑगस्टला काम सुरू झाले, २ सप्टेंबरला संपले. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले. चित्रे रेल्वेने वेल्समध्ये गेली : काही बँगोरला, काही पेनरिन किल्ल्यात, काही अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. पुढे तिथल्या आकाशातूनही जर्मन विमाने जाऊ लागली तेव्हा चित्रे समुद्रापार कॅनडाला पाठवावीत अशी सूचना आली. चर्चिलनी ती साफ फेटाळली. एकही चित्र हे बेट सोडून जाणार नाही, ती जमिनीखाली लपवा, असा त्यांचा निर्णय होता. १९४१ मध्ये ब्लाएनाइ फेस्टिनियोगजवळच्या मॅनॉड इथल्या, पाटीच्या दगडाच्या खाणीत सारा संग्रह नेला. डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या होत्या. मोठी चित्रे आत जावीत म्हणून खाणीचे तोंड सुरुंग लावून रुंद केले. व्हॅन डाइकने रंगवलेला घोड्यावरचा राजा चार्ल्स आणि तो पहिल्या क्रमांकाचा लाझारस, ही दोन चित्रे वाटेतल्या रेल्वेपुलाखालून जाईनात. म्हणून तिथला रस्ता खणून खाली घेतला. खाणीत तापमान १७ अंशांवर आणि आर्द्रता ४२ टक्क्यांवर स्थिर ठेवली होती. लंडनच्या दमट-कोरड्या हवेत जे रंग सतत पोपडे धरत, ते तिथे जागचे हलेनात. युद्धानंतर गॅलरीत वातानुकूलन आले त्यामागे हाच अनुभव होता.

इकडे चौकात रिकामी इमारत उरली. युद्ध सुरू होताच सरकारने नाटकगृहे, चित्रपटगृहे, संगीतसभागृहे बंद केली होती. रात्री ब्लॅकआउट. संध्याकाळी बाहेर पडणे म्हणजे चाचपडत चालणे. वादकांची कामे गेली. अशा वेळी मायरा हेस या पियानोवादक क्लार्कना भेटायला गेल्या.

मायरा हेस यांचा जन्म लंडनच्या एका ज्यू कुटुंबात १८९० साली झाला. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये टोबियस मॅथे यांच्या हाताखाली त्या शिकल्या. १९०७ मध्ये टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली बेथोव्हनचा चौथा पियानो कन्चर्टो वाजवून त्यांनी पदार्पण केले. १९३९ पर्यंत त्यांचे नाव अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना झालेले होते. अमेरिकेचा दौरा ठरला होता. तो त्यांनी रद्द केला. गॅलरीत अधूनमधून एखादी मैफल करता येईल का, एवढेच त्यांनी क्लार्कना विचारले. क्लार्क म्हणाले की अधूनमधून कशाला, रोज करू. सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, म्हणजे कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. तिकीट एक शिलिंग. उरलेला पैसा हलाखीतल्या संगीतकारांच्या मदतनिधीला.

पहिली मैफल १० ऑक्टोबर १९३९ ला झाली. लोक येतील की नाही याची धास्ती होती, म्हणून पहिल्या दिवशी स्वतः हेसच बसल्या. कोणी आलेच नाही तर दुसऱ्या कलावंताचा अपमान नको. त्या दुपारी रांग चौकात पसरली आणि हजाराच्या आसपास माणसे आत आली. घुमटाखालच्या अष्टकोनी दालनात काही खुर्च्यांवर, बाकीची जमिनीवर आणि भिंतींना टेकून. हेस यांनी स्कार्लाटी, बाख, शूबर्ट, शोपाँ, ब्राह्म्स वाजवले. मधोमध बेथोव्हनचा ‘आपासियोनाता’ सोनाटा होता. शेवटी बाखच्या एका कोरालची त्यांनी स्वतः पियानोसाठी केलेली रचना.

जर्मनीशी युद्ध जाहीर होऊन महिना उलटला होता आणि ज्यू घराण्यातली एक स्त्री ब्रिटनच्या राष्ट्रीय चित्रदालनात मुख्यतः जर्मन भाषकांचे संगीत वाजवत होती. त्याला कोणी हरकत घेतली नाही. पुढे साडेसहा वर्षे बाख, मोझार्ट, बेथोव्हन, ब्राह्म्स हेच या मैफलींचा कणा राहिले. बेथोव्हन हिटलरच्या मालकीचा नाही, हे त्या श्रोत्यांना कोणी भाषण देऊन सांगावे लागले नाही.

आता हा व्याप कसा चालला ते पाहण्यासारखे आहे, कारण चांगल्या कल्पना बहुधा व्यवस्थेअभावी मरतात. नामवंत असो वा नवखा, कलावंताला ठरलेले मानधन सारखेच : पाच गिनी. हेस यांनी स्वतः सुमारे दीडशे मैफलींत वाजवले आणि एक पैही घेतली नाही. कोण काय वाजवणार याची आखणी त्या आणि संगीतकार हॉवर्ड फर्ग्युसन मिळून करत. रोज मैफल असल्यामुळे एकाच रचनाकाराच्या मालिका करता आल्या : मोझार्टचे पियानो कन्चर्टो, बेथोव्हनची तंतुवाद्यांची क्वार्टेट्स. बाहेर कधीही एवढे सलग ऐकायला न मिळालेल्या टंकलेखिका आणि कारकून त्या मालिका क्रमाने ऐकत गेले. स्वयंसेविकांनी खाली उपाहारगृह चालवले. अन्नटंचाईच्या दिवसांत तिथली मध आणि मनुका घातलेली सँडविचेस गावभर प्रसिद्ध झाली. नव्वद वर्षांपूर्वी उविन्सना ज्या शिदोरीचा त्रास झाला होता ती आता गॅलरी स्वतःच पुरवत होती. १९४० च्या नववर्षदिनी तर हायडनच्या नावाने ओळखली जाणारी ‘खेळण्यांची सिंफनी’ झाली. मोठमोठे पियानोवादक खेळण्यातली वाद्ये घेऊन बसले आणि संचालन केले खुद्द केनेथ क्लार्कनी.

सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रोजचे बाँबहल्ले सुरू झाले. मैफल तळघरात हलवली. तिथे जागा अपुरी, थंडी फार, पाऊस पडला की बादल्या. १२ ऑक्टोबरला इमारतीवर पहिला बाँब पडला. ज्या दालनात एरवी राफाएल असे ते उद्ध्वस्त झाले. एप्रिल १९४१ पर्यंत इमारतीवर असे नऊ आघात झाले. एकदा न फुटलेला बाँब सापडला, तेव्हा त्या दिवसापुरती मैफल चौकातच समोर असलेल्या साउथ आफ्रिका हाउसमध्ये नेली, पण रद्द केली नाही. एकदा उशिरा फुटणारा बाँब मैफल चालू असतानाच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला फुटला. बेथोव्हनचे क्वार्टेट वाजत होते. ते पुढे वाजत राहिले.

हम्फ्री जेनिंग्ज यांच्या ‘लिसन टू ब्रिटन’ या १९४२ च्या माहितीपटात ही मैफल चित्रित झाली आहे. हेस मोझार्टचा जी मेजरमधला कन्चर्टो वाजवत आहेत, श्रोत्यांत राणी बसली आहे, शेजारी क्लार्क. माझी नजर दरवेळी राणीवरून निघून आसपासच्या माणसांवर जाते : गणवेशातले तरुण, कामावरून आलेल्या बायका, कोणी उभ्याने ऐकणारे. या माणसांच्या चेहऱ्यांवर शौर्याचा आव नाही. ती फक्त ऐकत आहेत. युद्धाविषयी पाहिलेल्या शेकडो चित्रफितींपैकी इतका विश्वास मला दुसऱ्या कुठल्या दृश्याने दिलेला नाही.

भिंतीही फार दिवस मोकळ्या राहिल्या नाहीत. क्लार्क युद्धचित्रकारांच्या समितीचेही अध्यक्ष होते; त्या समितीने रंगवून घेतलेली चित्रे गॅलरीत लागू लागली. हेन्री मूरने भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपलेली माणसे रेखाटली होती; पॉल नॅशने पडलेली विमाने. म्हणजे वर बाँबहल्ल्याची ताजी चित्रे, आणि शेजारी मोझार्ट. मग जानेवारी १९४२ मध्ये शिल्पकार चार्ल्स व्हीलर यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले : लंडनचा चेहरा विद्रूप झाला आहे, आता आम्हाला सुंदर वस्तूंची गरज जास्त आहे, निदान थोडी जुनी चित्रे दाखवण्याचा धोका पत्करा. गॅलरीने ते ऐकले. दर महिन्याला एक चित्र खाणीतून आणायचे, दिवसा लावायचे, रात्री तळघरात सुरक्षित ठेवायचे. मार्चमध्ये टिशियनचे ‘नोली मी तान्जेरे’ आले. पुनरुत्थान झालेला ख्रिस्त, त्याला स्पर्श करू पाहणारी मग्दालेना, मागे निळसर टेकड्या आणि सकाळचा उजेड. लोकांनी काय मागितले हे पाहिले तर चकित व्हायला होते. युद्धाची, पराक्रमाची चित्रे नकोत, शांत चित्रे हवीत, असा सर्वसाधारण कल होता.

एका वेळी एकच चित्र. आज आपण कुठल्याही मोठ्या संग्रहालयात तीन तासांत चारशे चित्रांवरून डोळे फिरवतो आणि बाहेर पडल्यावर पाय दुखतात एवढेच आठवते. महिनाभर एकाच टिशियनसाठी पुन्हापुन्हा येणाऱ्या त्या लंडनकरांना चित्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसले असणार. हे कळल्यापासून मी गॅलरीत गेलो की तीन-चार चित्रेच पाहतो आणि बाहेर पडतो. प्रवेश मोफत असल्यामुळे हे जमते. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल करायला धावतो. फुकट आत आलेला निवांत बसतो. मोफत प्रवेशाचे हे कलाविषयक मोल अर्थसंकल्पात कुठे दिसत नाही.

शेवटची मैफल १० एप्रिल १९४६ ला झाली. एकूण १,६९८ मैफली, ८,२४,१५२ श्रोते. चित्रे परत आली होती, पडझडीची दुरुस्ती करायची होती, आणि विश्वस्तांना इमारत चित्रांसाठी हवी होती. हेस यांची मैफली चालू ठेवण्याची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. १९४१ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळालेला होता, गौरव पुष्कळ झाला, पण हा निर्णय त्यांच्या मनाला लागला. अडचणी खऱ्या होत्या हे मान्य करूनही मला वाटते की विश्वस्तांनी चूक केली. संकटात जे लोकांसाठी आवश्यक ठरले ते शांततेत अडगळ मानले गेले. आठवड्यातून एक दुपार राखून ठेवली असती तरी धागा तुटला नसता.

धागा पूर्णपणे तुटला नाही, ही नंतरच्या लोकांची पुण्याई. हेस यांच्या स्मरणार्थ गॅलरीत पुढे मैफली झाल्या. शिकागोत १९७७ पासून त्यांच्याच नावाने दुपारच्या मोफत मैफली सुरू झाल्या. आणि लंडनमध्ये दुपारी एक वाजता संगीत ऐकण्याची सवय शहरभर मुरली. गॅलरीच्या पायऱ्यांवरून डावीकडे पाहिले की सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे चर्च दिसते. जेम्स गिब्ज यांनी बांधलेले, १७२६ चे. तिथे दुपारच्या मैफली होतात, आणि जाताना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पैसे टाकायचे. वाजवणारे बहुधा नुकते शिकून बाहेर पडलेले तरुण. पूर्वेची खिडकी २००८ मध्ये शिराझेह हूशियारी या इराणी वंशाच्या कलावतीने केली आहे : रंगीत काच नाही, साध्या काचेत काळ्या रेघांचे जाळे, मध्ये लंबगोल उजेड, आणि त्याभोवती पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा वाकलेला क्रूस. त्या खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात ब्राह्म्स ऐकताना बाहेरच्या बसचा आवाज येतो, मागच्या बाकावर कोणी खोकते, कचेरीचे ओळखपत्र गळ्यात घातलेली मुलगी डोळे मिटून बसलेली असते आणि दोन वाजता सगळे उठून कामाला जातात. मोठ्या सभागृहांतल्या कितीतरी महागड्या संध्याकाळींपेक्षा या दुपारी माझ्या लक्षात राहिल्या आहेत. विग्मोर हॉलचे तसेच. १९०१ मध्ये बेखश्टाइन या पियानो बनवणाऱ्या जर्मन कंपनीने बांधलेले हे साडेपाचशे खुर्च्यांचे सभागृह. सोमवारी दुपारी एक वाजताची मैफल तिथून बीबीसी रेडिओवर थेट ऐकू येते. आवाज इतका स्वच्छ की गायिकेने श्वास घेतलेला शेवटच्या रांगेत कळतो.

गॅलरीच्या पुढच्या प्रवासात बरेच काही घडले. १९६२ मध्ये लेओनार्दोचे मोठे रेखाचित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून ८,००,००० पौंड उभे करायचे होते. सामान्य लोकांनीही वर्गणी दिली. १९९१ मध्ये व्हेंच्युरी आणि स्कॉट ब्राउन यांनी आखलेला सेन्सबरी विभाग उघडला. अलीकडे काचेआडच्या ‘सूर्यफुलां’वर सूप फेकले गेले, ‘रोकबी व्हीनस’वर पुन्हा हातोडे पडले, आणि आता आत जाताना कसून तपासणी होते. यांतले बहुतेक सर्वांना माहीत आहे.

चित्र आणि संगीत यांना एकत्र आणण्याचे दोन प्रयत्न मात्र मला सांगायचे आहेत, कारण त्यांत मोठा धडा आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात ‘व्हर्मीर आणि संगीत’ हे प्रदर्शन झाले. व्हर्मीरच्या चित्रांतल्या स्त्रिया व्हर्जिनल या लहानशा तंतुवाद्याशी बसलेल्या किंवा उभ्या असतात. गॅलरीची स्वतःची दोन चित्रे, केनवुड हाउसमधली ‘गिटार वाजवणारी’, राजसंग्रहातला ‘संगीताचा पाठ’ आणि जवळच त्या काळची खरी वाद्ये. आठवड्यातले काही दिवस अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकचे वादक तिथेच बसून सतराव्या शतकातले संगीत वाजवत. जुन्या वाद्यांचा आवाज फार मोठा नसतो, दोन खोल्यांपलीकडे पोचत नाही. तो कानांवर पडला आणि चित्रांतली माणसे वाद्याच्या इतक्या जवळ का आहेत, हे क्षणात उलगडले. ते संगीत ऐकायला जवळ यावेच लागे.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, ‘साउंडस्केप्स’ झाले. सहा चित्रे, सहा संगीतकार आणि ध्वनिकलावंत. अंधारलेल्या खोलीत एक चित्र आणि ध्वनिक्षेपकांतून त्याच्यासाठी खास रचलेला ध्वनी. नावे मोठी होती, मेहनतही दिसत होती. मला ते प्रदर्शन आवडले नाही. चित्राने काय वाटायला लावायचे ते ध्वनीने आधीच ठरवून टाकले होते. युद्धकाळात संगीताने चित्रांचे वर्णन केले नव्हते आणि चित्रांनी संगीताचे; दोघांनी एकाच छताखाली आपापले काम केले. व्हर्मीरच्या वेळीही तसेच झाले. जिवंत माणूस समोर बसून वाजवतो तेव्हा तो चुकू शकतो, थांबू शकतो, आणि श्रोता म्हणून आपणही त्यात सामील असतो. ध्वनिमुद्रणाला आपली गरज नसते.

द्विशताब्दी वर्षातले व्हॅन गॉगचे प्रदर्शन सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ चालले. ‘सूर्यफुले’ गॅलरीत येऊन शंभर वर्षे झाल्याचाही तो योग होता. मध्ये ‘ला बेर्सोझ’, म्हणजे पाळण्याची दोरी हातात धरलेली बाई, आणि दोन बाजूंना दोन ‘सूर्यफुले’, एक लंडनचे, एक फिलाडेल्फियाहून आलेले : अशी मांडणी व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या पत्रात स्वतः सुचवली होती. ती तिथे प्रत्यक्ष भिंतीवर आली. पिवळ्या रंगाच्या दोन ज्योतींमध्ये ती बाई एखाद्या देवघरातल्यासारखी दिसत होती. तीन लाखांहून जास्त लोक आले, आणि शेवटच्या आठवड्यात एका शुक्रवारी गॅलरी रात्रभर उघडी ठेवावी लागली. कामकरी माणसाच्या वेळेप्रमाणे दार उघडायचे, हा कोलरिज आणि हेस यांचा वारसा त्या रात्री जिवंत होता.

आता थोडे आपल्या माणसांसाठी. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, आणि आज तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मुलामुलींकडे त्यांचे आईवडील महिना-दोन महिने राहायला जातात. शनिवार-रविवारी फिरणे होते. सोमवार ते शुक्रवार मात्र मुले कामावर आणि ही दोघे घरात, खिडकीतून पाऊस पाहत. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : कामाच्या दिवशी साडेअकराला निघा. ट्राफल्गार चौकात उतरा. गॅलरीत एकच चित्र निवडा, समोरच्या बाकावर बसा, कंटाळा येईपर्यंत पाहा. मग रस्ता ओलांडून एक वाजता मैफल असेल तर सेंट मार्टिनमध्ये शिरा. पाश्चात्य संगीतातले काही कळत नाही म्हणून संकोचू नका. १९३९ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या कितीकांना तरी ते कुठे कळत होते. गॅलरीचे दार रोज दहाला उघडते, शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते, आणि कायमचा संग्रह पाहायला एक पैसाही पडत नाही.